अप्पांची ओळ

ऑफिसात मी नेमकं काय करते, हे नातेवाइकांना समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय. इथे मात्र एकदा सांगते. एखादा प्रोग्रॅम रखडत चालत असेल तर त्याचा वेळ कुठे जातो, हे सांगणारं एक साधन आमची कंपनी बनवते. त्याला प्रोफाइलर म्हणतात. आणि हा प्रोफाइलर खरं बोलतो की थापा मारतो, हे तपासणाऱ्या चाचण्या मी लिहिते. थोडक्यात, चहाडखोरावर पाळत ठेवायची. स्वभावाला साजेसं काम मिळालंय गो तुका, असं आई म्हणाली असती.

अशा चाचणीला उत्तर आधी माहीत असावं लागतं. म्हणून मी मुद्दाम एक छोटा प्रोग्रॅम लिहिते. त्यात कोण किती वेळ खाणार हे मीच ठरवते, मग त्यावर प्रोफाइलर सोडते आणि तो काय सांगतो ते माझ्या उत्तराशी ताडून बघते. जुळलं तर पडद्यावर हिरवी खूण, नाही तर लाल. बाकीचे लोक अशा प्रोग्रॅमच्या भागांना वर्कर वन, वर्कर टू अशी नावं देतात. मला ती लक्षात राहत नाहीत. या खेपेला मी आमची करी रोडची चाळ लिहिली.

चाळ पुढच्या वर्षी पडणार आहे. टॉवरचे कागद झालेत, अर्ध्या खोल्या रिकाम्या झाल्यात, माझे वडील, अप्पा, तेवढे शेवटपर्यंत हलायचं नाही म्हणून बसलेत. मी लग्न होऊन दादरला गेले, पण अजूनही डोळे मिटले की आमचा तो मजला दिसतो. पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा पिंपं, कळश्या, बादल्या यांची रांग जिन्यापर्यंत जायची. लालबागच्या मसाला कुटणाऱ्या डंक्यांचा वास वारा फिरला की थेट आमच्या गॅलरीत यायचा, आणि शिंकत शिंकत आम्ही पाढे म्हणायचो. मला ते सगळं फार आठवतं. आठवून काही उपयोग नाही, तरी आठवतं.

तर प्रोग्रॅममध्ये एक नळ. तो एका वेळी एकाच्याच ताब्यात. समोरच्या खोलीतल्या अंबिकाकाकूला मी सगळ्यांत जास्त वेळ दिला, कारण ती एकदा नळाला चिकटली की गोधड्यासुद्धा तिथेच आपटायची. माझ्या आईला, लक्ष्मीला, कामच काम दिलं. खानावळीचे डबे, पोळ्या, पुन्हा डबे. प्रोफाइलर चालवला आणि रिपोर्टात पहिली ओळ आली: सर्वाधिक वेळ नळ अडवणारी, अंबिका. मी ऑफिसात एकटीच मोठ्याने हसले. तीस वर्षांनी का होईना, काकू रंगेहाथ सापडली.

मग मी अप्पांना घातलं.

अप्पा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणायच्या मागांवर होते. मी पाचवीत असताना त्यांची गिरण बंद पडली. रीतसर बंद झाली असंही कुणी सांगितलं नाही. आज उघडेल, दिवाळीनंतर उघडेल, असं चालू राहिलं. आजूबाजूची बरीच माणसं रोज दुपारी गिरणीच्या गेटवर जाऊन उभी राहत, त्यांत अप्पाही असत. मी शाळेतून येताना ते मला समोरच्या फुटपाथवर दिसायचे, कुणाशी तरी बोलत, हात पाठीमागे बांधून. आईच्या डब्यांवर घर चालायचं. चाळीत लोक अप्पांबद्दल म्हणायचे, हा दौलत बसून खातो. आई त्यावर एवढंच म्हणायची, "गिरणीची वाट बघतत ते. बसान नाय खाईत." मलाही तेच पटलं होतं, आणि अजून कुणी वेगळं बोललं तर माझ्या डोक्यात तिडीक जाते.

म्हणून प्रोग्रॅममधले अप्पा सुरुवातीपासून थांबून राहतात. कशासाठी, तर गिरणीसाठी. प्रोग्रॅम माझा असल्यामुळे शेवटी मी गिरण उघडली. अप्पा आत जातात आणि प्रोग्रॅम संपतो.

चाचणी चालवली. लाल. रिपोर्टात अंबिका होती, लक्ष्मी होती, अप्पा नव्हतेच. त्यांच्या नावाची ओळच नाही.

मी उठून विनीतकडे गेले. विनीत आमचा लीड, प्रोफाइलर त्यानेच लिहिलेला. पुण्याचा, हुशार आणि आपण हुशार असल्याची पुरेपूर जाणीव असलेला. त्याने पडदा बघितला आणि खांदे उडवले.

"बरोबरच आहे ना मेघना. आपलं टूल थोड्या थोड्या वेळाने डोकावून कोण काम करतंय ते मोजतं. हा अप्पा काही करतच नाहीये. मग तो कशाला दिसेल?"

"तो थांबलाय."

"तेच ते."

"तेच ते नाही रे. रिकामा बसलेला वेगळा आणि थांबलेला वेगळा. गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम कशासाठी तरी अडकून पडला, तर तू त्याला काय सांगणार, सगळं आलबेल आहे म्हणून?"

"पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. शुक्रवारी रिलीज आहे. तोवर ही टेस्ट काढून टाक."

"नाही काढणार."

"एका टेस्टसाठी?"

चाचणी काढली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं, हे मलाही कळत होतं. पण मला अप्पांची ओळ हवी होती. ज्या वर्षांना सगळ्यांनी काहीच नाही म्हटलं, त्यांना एखाद्या यंत्राने तरी काहीतरी म्हणावं, एवढंच. हे ऑफिसात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. विनीतने मात्र विचारलंच.

"हे अप्पा कोण?"

मी सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण खिडकीतून खाली बिनधुराची चिमणी दिसत होती, अप्पांच्या नाही, तिच्या शेजारच्या गिरणीची, आणि बोलणं लांबलं. विनीतने मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही, हे त्याच्यासाठी फारच झालं. ऐकून तो हेडफोन लावून बसला.

गुरुवारी दुपारी त्याने मला हाक मारली. रिपोर्टात एक नवा रकाना आला होता. त्यात ओळ होती: अप्पा, वाट पाहत, गिरण. आणि त्यापुढे भला मोठा वेळ, अंबिकाकाकूपेक्षाही मोठा. चाचणी हिरवी झाली होती.

"तुझ्या वडलांसाठी नाही केलं," विनीत म्हणाला. "तुझा मुद्दा बरोबर होता म्हणून केलं. उगाच सेंटी होऊ नकोस."

"नाही होत," म्हटलं, आणि झाले.

रविवारी लॅपटॉप घेऊन करी रोडला गेले. अप्पा चहात बटर बुडवत बसले होते. मी त्यांच्यापुढे पडदा धरला आणि सगळं सांगितलं. हा नळ, ही अंबिकाकाकू, ही आई, हे तुम्ही. आईच्या ओळीवर त्यांनी क्षणभर बोट ठेवलं. अंबिकाकाकूच्या ओळीला मनापासून हसले. मग चष्मा वर करून स्वतःच्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल.

"माझ्या फुडे गिरण कित्या लिवलंस?"

"तुम्ही तिची वाट बघत होतात म्हणून."

"छ्या." त्यांनी बटरचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. "गिरण सुरू होवची नाय, ह्या माका पयल्याच वर्सात कळला. साचे भंगारात जाताना माझ्या डोळ्यांनी बगलंय मी. मागच्या दारान ट्रक भरून गेले."

"मग आईला का नाही सांगितलंत?"

"तिका आशा होती. डबे करताना तेवढोच आधार."

"आणि तुम्ही रोज गेटवर जायचात ते?"

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलीस आणि हे विचारतेस.

"तुझी शाळा सुटायची ना त्या टायमाक. पुलाखालून लॉऱ्या कशा यायच्या, आठवता तुका? गेटासमोरच तू रस्ता क्रॉस करायचीस. तू पलीकडे गेलंस की मी तुझ्या मागसून घराक."

"मग शाळेतच यायचं होतं घ्यायला."

"बायल डबे करता आणि घोव पोरीक आणूक शाळेत जाता, असा सगळी चाळ बोलली असती. तुझ्या आवशीक ऐकूक लागला असता." त्यांनी बशीतला चहा संपवला. "गेटार उभ्या माणसाक कोण काय इचारत नाय. गिरणकामगार गेटार उभो रवताच."

त्या फुटपाथवरची पाठीमागे हात बांधलेली आकृती मी हजार वेळा आठवली होती, आणि दर वेळी तिच्या पाठीमागचं बंद गेटच बघितलं होतं. तिचं तोंड रस्त्याकडे होतं. माझ्याकडे. मी अप्पांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. "अगो, लॅपटॉप पडात," असं म्हणत त्यांनी तो आधी बाजूला ठेवला आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी आधी तो प्रोग्रॅम उघडला. अप्पा जिथे गिरणीसाठी थांबत होते तिथला शब्द खोडला, दुसरा लिहिला. चाचणीतलं अपेक्षित उत्तरही बदललं आणि पुन्हा चालवली. हिरवी.

माझे बदल विनीतच्या नजरेखालून जातात. तो खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आला.

"ही कशाला बदललीस? गुरुवारी पास झाली होती की."

"झाली होती," मी म्हटलं. "पण उत्तर चुकीचं होतं."

त्याने वाकून नवी ओळ वाचली. अप्पा, वाट पाहत, मेघना. मग त्याने बदल मंजूर केला.