तुई होआच्या उंबरठ्यावरची शेगडी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही आगगाडीच्या दोन लाकडी बाकांमधल्या चिंचोळ्या जागेत बसला आहात. अंगाभोवती जुनी गोधडी गुंडाळलेली आहे. खालून चाकांची धडधड चालली आहे, कालही चालली होती, आणि आता ती तुमच्या हाडांत शिरली आहे. दमलात ना? मग माझे काय झाले असेल! मी एक जुनी मातीची शेगडी आहे. मला तर कूससुद्धा बदलता येत नव्हती.

माझा जन्म उत्तरेकडच्या निन्ह बिन्हजवळचा. नदीकाठची चिकणमाती, तिच्यात भाताचा तूस कालवून एका कुंभाराने मला घडवले आणि धरायला दोन कान दिले. लुआआजी नवी नवरी होती तेव्हा मला घेऊन घरात आली. माझ्यावर तिने मडक्यात मासे रटरटत ठेवले, नातीची पेज शिजवली. वास सुटला की शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "लुआ, जेवायला बोलाव, नाहीतर वास तरी अडव!" ते दिवस चांगले होते. मग घरात गॅस आला आणि मी गोठ्यात गेले. एक कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. तेवढीच ऊब.

पुढे आजीचे गुडघे गेले. तिचा मुलगा खोय दक्षिणेत तुई होआ गावी मासळीच्या धक्क्यावर कामाला होता. त्याने तिथे नवे घर घेतले आणि आईला व आपल्या मुलीला, मिएनला, बोलावून घेतले. आजीने कपड्यांचे एकच बोचके बांधले. मला मात्र तिने कोंबडीखालून काढून धुतले आणि माझ्या पोटात जुन्या चुलीची मूठभर राख ठेवली. नव्या घरात सर्वांत आधी विस्तव जातो, मागून माणसे, अशी आमच्याकडची रीत आहे.

गाडीत समोर एक जाडजूड काका बसले होते.

"आजी, दक्षिणेत शेगड्या मिळत नाहीत होय?"

"मिळतात की. पण त्या मला ओळखत नाहीत."

सगळा डबा हसला. आजी हसली नाही. तिचे पाय सुजले होते. मिएन तिच्या मांडीवर डोके ठेवून पुन्हा पुन्हा विचारत होती, "आजी, आलं का गं?" आणि आजी प्रत्येक वेळी खिडकीबाहेर बघून म्हणत होती, "नाही गं पोरी, अजून नुसता डोंगरच."

त्या डोंगरातल्या घाटातच गाडीने जोराचा हिसका दिला. वरच्या फळीवरून काकांचे रताळ्यांचे पोते घसरले आणि माझ्यावर आदळले. माझ्या अंगातून कानापासून तळापर्यंत तडा गेला. काकांचा चेहरा पडला. त्यांनी कमरेचा पट्टा काढला आणि माझ्याभोवती करकचून आवळला. त्यांचे गाव आले तेव्हा एका हातात पोते आणि एका हातात विजार धरून ते उतरले.

तुई होआला आम्ही उतरलो तेव्हा समुद्राचा खारा वारा अंगावर आला. आजीला उभेसुद्धा राहवत नव्हते. खोय धावत आला, मला त्याने दुचाकीवर पुढे घेतले, त्या दोघींना मागे बसवले. नव्या घराचे दार लांबूनच उघडे दिसले. आणि आतून शिजलेल्या भाताचा वास आला.

आजी उंबरठ्याबाहेरच थांबली.

"खोय, आत चूल पेटवलीस?"

"आई, गॅस आहे तो. तुम्ही उपाशी असाल म्हणून भात टाकला. त्याला काय विस्तव म्हणायचं?"

"भात शिजला ना त्याच्यावर? मग तो विस्तवच." आजी पायरीवर बसली. "घरात दुकानातली आग आधी शिरली. माझी शेगडी फुटकी, मीही तशीच. उद्याची परतीची गाडी बघ, बाबा."

"आई, असं काय बोलतेस!"

ती रागावली नव्हती, मित्रांनो, ती फक्त थकली होती, आणि तेच वाईट होते. रागावलेल्या माणसाला समजावता येते. मग खोय आत गेला, त्याने गॅसचे सिलिंडर बंद केले आणि भाताचे पातेले उचलून बाहेर अंगणात आणून ठेवले.

मिएन कुठे दिसेना. ती समोरच्या घरी गेली होती. तिथे एक बाई निखाऱ्यांवर तांदळाचे पापड भाजत होती.

"मावशी, थोडे निखारे द्याल का?"

"उत्तरेकडची का गं तू? किती शुद्ध बोलतेस, परीक्षेला बसल्यासारखी! कशाला हवेत निखारे?"

"आजीला घरात न्यायचंय."

बाईने लगेच पत्र्याच्या डब्यात फुललेले निखारे भरून दिले.

मिएनने आधी माझ्याभोवतीचा पट्टा सोडला, नाहीतर चामडे जळले असते. मग तिने निखारे माझ्यातल्या जुन्या राखेवर ओतले. किती दिवसांनी माझ्या पोटात ऊब आली! पण पट्टा निघताच तडा मोकळा झाला होता. एका बाजूने उचलले असते तर माझी दोन शकले झाली असती. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तडा गेलेली वस्तू असो की थकलेले माणूस, त्याला एका हाताने उचलू नका आणि टाकूनही देऊ नका.

खोय पुढे आला. "सरक पोरी, मी नेतो."

मिएनने नको म्हणून मान हलवली. तिने दोन फडकी ओली केली. एक माझ्या एका कानाभोवती गुंडाळून तो घट्ट धरला, आणि दुसरे फडके, माझ्या दुसऱ्या कानासाठी, पायरीवर बसलेल्या आजीपुढे केले. आजीने ते घेतले आणि माझा दुसरा कान धरला.