टिटवीचा चेहरा

मावशी चित्रासमोर उभी राहिली, मान पुढे केली, मागे घेतली आणि म्हणाली, "हे टांगलंय की लपवलंय?"

"टांगलंय," मी म्हणाले.

"मग दिवे लावा की."

"लावलेत, मावशी."

तिने वर पाहिलं. छताच्या पट्टीवरचा दिवा खरंच चालू होता. "हा? याच्यापेक्षा काजवा बरा."

मी खिशातून उजेडाचं मापक काढलं आणि चित्राजवळ धरलं. "अठ्ठेचाळीस लक्स. पन्नासच्या वर जायची परवानगी नाही."

"ताप मोजल्यासारखं काय सांगतेस! उतरवायचाय का आणखी?"

क्युरेटर सर हसले. मीही हसले. मावशी हसली नाही. चित्राच्या डाव्या बाजूच्या भिंतीकडे बघत ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

संग्रहालयात उजेड आणि हवेतला दमटपणा सांभाळणं हे माझं काम. रसायनशास्त्र शिकल्यावर मिळालेली पहिलीच नोकरी. त्यामुळे मावशीच्या मुद्राचित्रांचं, म्हणजे पत्र्यावर कोरून प्रेसवर छापलेल्या चित्रांचं, मोठं प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा तिला राजी करायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. ती तयार नव्हती. शेवटी एका अटीवर मानली. "टिटवी शोधून आणा. मग बाकी माझं काय हवं ते लावा, उलटं लावलंत तरी चालेल."

टिटवी म्हणजे तिची मैत्रीण; शोधायचं होतं ते तिचं चित्र. तरुणपणी दोघींनी मिळून एक गाळा घेतला होता. त्यात एकच प्रेस. एकीने पत्र्यावर शाई भरायची, दुसरीने चाक फिरवायचं. मैत्रिणीचं तोंड दिवसभर चालू असायचं, म्हणून मावशीने तिला टिटवी नाव ठेवलं. एके दिवशी सकाळी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून, ते मावशी सांगत नाही. दुपारी मात्र टिटवी नेहमीसारखी टेबलाशी उभी राहून पत्रा पुसत होती. मावशीने हाताशी असलेला तांब्याचा तुकडा घेतला आणि सुईने थेट त्यावर तिला उतरवलं. दुसऱ्या दिवशी टिटवी आली, खुंटीवरचा आपला एप्रन काढून घेतला आणि गेली. पुन्हा भेट नाही. गेल्या वर्षी ती वारल्याचं तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

"त्या दुपारी ती माझ्याकडे बघून हसली होती का, एवढंच मला बघायचंय," मावशी मला म्हणाली होती. "हसली असेल, तर सकाळचं सगळं तिने सोडून दिलं होतं. आणि हसली नसेल, तर नाही. कधी मला हसलेली आठवते, कधी फुरंगटलेली. डोकं म्हातारं झालं की खोटं बोलायला लागतं. पण चित्र त्याच दुपारचं आहे ना. ते कशाला खोटं बोलेल?"

टिटवीचा एकही फोटो मावशीकडे नव्हता. आणि या चित्राच्या प्रतीही जेमतेम निघालेल्या. सुईने तांबं खरवडलं की ओरखड्याच्या काठाला धातूची बारीक कड उभी राहते. तिच्यात शाई अडकते आणि रेघ मखमलीसारखी उमटते. पण प्रेसखालून दर वेळी जाताना ती कड दबत जाते, म्हणून चांगले छाप थोडेच मिळतात. त्यातले बाकीचे कुठे गेले कुणास ठाऊक. उरला होता तो पहिला, चाचणीचा छाप, आणि तोही लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर काढलेला. असा कागद उजेडात पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. परदेशातल्या एका संग्राहकाने तो जपून ठेवला होता. त्याने पाठवलेला फोटो मी मावशीला फोनवर मोठा करून दाखवला. "फोन नुसता चिखल मोठा करतो," म्हणून तिने तो परत दिला. मला ते पटलं. फोटोत ती मखमल मरतेच.

घरी उजेडाचं वेगळंच प्रकरण चाललं होतं. मावशी आमच्याकडेच राहते, खालच्या खोलीत. गेल्या दोन वर्षांत तिने खोलीतले सगळे दिवे बदलून मोठे लावून घेतले होते. तरी तिची तक्रार कायम.

"ताई, खोली आहे की खेळाचं मैदान?" आई म्हणायची. "बाहेरून जाणारी माणसं थांबून बघतात, सामना कुणाचा म्हणून."

"हल्लीच्या दिव्यांत दमच नाही. नुसते पांढरे. पूर्वीचा दिवा कसा, लावला की वस्तू पुढे यायची."

"डोळे दाखव एकदा."

"दाखवले की. वय झालं म्हणतो. ते सांगायला डॉक्टर कशाला लागतो? तू रोज सांगतेसच."

म्हातारपणी डोळ्याची बाहुली नीट उघडत नाही, आतलं भिंग पिवळसर होतं. तरुण माणसाला पुरणाऱ्या उजेडाच्या तिप्पट-चौपट उजेड म्हाताऱ्या माणसाला लागतो. हे मी कुठे कुठे वाचून काढलं, आणि मावशीची तक्रार मला एकदम शास्त्रशुद्ध वाटायला लागली. पन्नास लक्समध्ये तिला टिटवी दिसत नव्हती, यात नवल काहीच नव्हतं. प्रश्न उजेडाचा होता, आणि उजेड हा तर माझाच विषय.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, कागदाचं नुकसान एकूण उजेडावर ठरतं. किती प्रखर आणि किती वेळ, यांचा गुणाकार. अर्धा तास आठशे लक्स काय किंवा आठ तास पन्नास लक्स काय, कागदाला सारखंच. आपण मावशीला अर्धा तास भरपूर उजेड देऊ आणि पहिल्या दिवशी या चित्रावरचा दिवा बंद ठेवू. फिटंफाट."

"उद्घाटनाच्या दिवशी मुख्य चित्र अंधारात?" सरांनी कपाळाला हात लावला. "पाहुण्यांना काय सांगू? नवरी अजून तयार व्हायचीय?"

"चित्रकाराला स्वतःचं चित्र दिसत नाही असं सांगण्यापेक्षा ते बरं ना?"

सरांनी कपाळावरचा हात काढला. मग म्हणाले, "माझं जाऊ दे. पाठराखीण काय म्हणते बघ."

संग्राहकाने चित्रासोबत आपला संग्रह वर्षानुवर्षं सांभाळणारी एक बाई पाठवली होती. पेटी उघडताना, चित्र टांगताना ती हजर असायलाच हवी, आणि तिच्या होकाराशिवाय चित्राला कुणी बोटही लावायचं नाही. तिला आम्ही आपसांत पाठराखीण म्हणायचो. मूळची इकडचीच, करड्या कोटातली, कमी बोलणारी बाई. तिने माझा गुणाकार ऐकला, स्वतः एकदा मनात करून बघितला आणि विचारलं, "अर्ध्या तासात त्यांना दिसेल?"

"दिसेल," मी म्हणाले. इतक्या खात्रीने मी त्या नोकरीत दुसरं काही बोलले असेन असं वाटत नाही.

"मग काचेतून काढूनच दाखवू. काचेवर चमक येते. पण हात लावायचा नाही."

तपासणीच्या खोलीत उतरत्या टेबलावर पाठराखिणीने चित्र ठेवलं. मी दोन्ही बाजूंना दिवे उभे केले आणि मापक धरून ते पुढेमागे सरकवले. मावशी आली ती ठेवणीतली साडी नेसून. सरांनी तिला खुर्ची दिली, ती तिने नाकारली. "उभ्यानेच काढलं होतं," ती म्हणाली.

मी दिवे लावले. कागदाचा धागा न् धागा दिसायला लागला. चित्र तळहाताएवढंच. एक बाई टेबलावर वाकलेली, मान किंचित वळवलेली, आणि त्या सगळ्या काळ्या मऊ रेघांच्या मधोमध तिचा चेहरा.

मावशी वाकली. भिंग डोळ्याला लावलं. भिंग काढलं. डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, कोंबडी दाणा बघते तसं तिरपं केलं.

"दिसतंय?" सरांनी विचारलं.

"पत्र्याच्या कडेचा ठसा छान उमटलाय," मावशी म्हणाली. "कोपऱ्यात माझी सही. टेबलाचा पाय. हा तिचा कोपर." मग थांबून, "मध्ये कुणी पुसलंय?"

सर पुढे वाकून बघायला लागले.

"मध्ये शाई पुसलीय कुणीतरी. बोट फिरवल्यासारखी. कुणी केलं हे?" ती पाठराखिणीकडे वळली. "तुमच्या मालकांनी साफबीफ करायला दिलं होतं का?"

"नाही हो," पाठराखीण म्हणाली. "चेहरा अगदी स्वच्छ आहे."

"मग उजेड वाढव," मावशी मला म्हणाली.

मी मापक पाहिलं. ठरल्याएवढा उजेड होता. मी पाठराखिणीकडे पाहिलं, तिने होकाराची मान हलवली, आणि मी दिवे ठरल्यापेक्षा जवळ सरकवले. मावशी पुन्हा वाकली. मी पहिल्यांदाच तिच्या समोरच्या बाजूने बघत होते, टेबलाच्या पलीकडून. चेहऱ्याकडे बघायचं म्हणून ती चित्राच्या बाहेर, टेबलाच्या लाकडाकडे बघत होती.

"मावशी, माझ्याकडे बघ. सरळ. माझं नाक दिसतं?"

"तुझं नाक न दिसायला काय झालं? एवढं मोठं—"

ती थांबली. दिव्यांचा बारीक गूं आवाज येत होता.

"कान दिसतात," ती म्हणाली.

दृष्टिपटलाच्या बरोबर मधला ठिपका जातो, भोवतालचं सगळं राहतं. मेंदू ते भोक आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो, त्यामुळे माणसाला भोक दिसत नाही, नुसतं वाटतं की समोरचंच नीट लावलेलं नाही. हेही मी वाचलेलं होतं, त्याच पानांवर, खालच्या बाजूला. मी खोली मोजली, दिवा मोजला, कागद मोजला. आजपर्यंत तिला दोष द्यायला निदान दिवे तरी होते.

"बरं," मावशी म्हणाली. तिने टेबलाची कड धरली. चित्रापासून हात लांबच ठेवला, हे माझ्या लक्षात आलं. "तू बघ. तुझे डोळे चांगले आहेत. हसतेय का ती?"

मी वाकले. तोंड म्हणजे तीन रेघा होत्या. वरची रेघ सुईने एका झटक्यात ओढलेली, खालच्या दोन तुटक. धातूच्या कडेत अडकलेली शाई पसरून तिन्हींच्या मधे एक सावली झाली होती. उजवा कोपरा वर गेला होता, की ती शाईच तिकडे जास्त पसरली होती? डोळे खाली, पत्र्याकडे. मी भिंग लावलं. भिंगातून रेघा आणखीच रेघा झाल्या, ओठ राहिलेच नाहीत.

"बोल ना. एवढं शिकलीस ना?"

"तोंड थोडं उघडं आहे," मी म्हणाले. "उजवा कोपरा वर आहे, पण तिथे शाई पसरलीय."

"मी कोपरा नाही विचारला. हसतेय का?"

"मला सांगता येत नाही, मावशी."

"हसतेय की!" सर घाईने पुढे झाले. "स्पष्ट हसतेय. गालावर बघा ना, ती रेघ—"

"तुम्ही माहितीपत्रकात लिहिता तसं बोलताय," मावशी म्हणाली. "तुम्ही सांगा हो," ती पाठराखिणीकडे वळली. "तुम्ही इतकी वर्षं हिच्यासोबत आहात."

पाठराखिणीने बराच वेळ पाहिलं. "मला ती नेहमी दमलेली वाटते," ती म्हणाली. मग लगेच, "पण मी तिला ओळखत नव्हते ना."

मावशीने मान डोलावली, एखाद्याचा पत्ता विचारावा आणि समोरच्याने आपण इथले नाही म्हणावं, तशी.

"किती वेळ झाला?"

"अजून निम्मासुद्धा झाला नाही," मी म्हणाले.

"मग बंद कर. उगाच कागद जाळू नका."

मी दिवे बंद केले. डॉक्टरकडे मी तिला नेलं. त्याने आत बघून तेच सांगितलं जे मला ठाऊक होतं, आणि गेलेलं परत येत नाही हेही. आईने त्या संध्याकाळी कुठलाच टोमणा मारला नाही, त्यावरूनच मावशीला सगळं कळलं असणार.

पहिल्या दिवशी टिटवी ठरल्याप्रमाणे अंधारात राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्यावरचा दिवा लागला, आणि मावशी म्हणाली, मला ने.

समोर एक बाक आहे, त्यावर ती बसते. रोज. लोकांना वाटतं कुणीतरी म्हातारी पाय दुखले म्हणून टेकलीय. ती ऐकते. एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "कसली गोड हसतेय बघ." मावशी खूश दिसली. थोड्या वेळाने एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "तू भांडी घासताना अशीच दिसतेस, तोंड फुगवून," आणि बायको म्हणाली, "फुगवायला कोण लावतं?" मावशी बाकावर सरळ होऊन बसली. संध्याकाळी मी न्यायला गेले की ती दिवसभराची मतं सांगते, जसं काही एखाद्या दिवशी सगळी एका बाजूला झुकतील. ती झुकत नाहीत. "आज बरेच जण काही न बोलता गेले," असंही कधी सांगते, तक्रारीच्या सुरात.

परवा मी मापक घेऊन दालनात होते. शाळेत शिकवणारी असावी अशी एक बाई चित्रापुढे थांबली. चष्मा वर केला, पार जवळ गेली. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "हसतबिसत नाहीये. बोलतेय ती. काहीतरी सांगतेय."

मावशी बाकावरून उठली. माझ्या आधाराशिवाय, पटकन. "काय सांगतेय?"

बाई दचकली. तिने मावशीकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. "अहो, ते कसं कळणार?" ती हसून म्हणाली, आणि पुढच्या चित्राकडे गेली.