चौदा मांडे

भटूला पहिलवान म्हणायचं असं त्याच्या बापानं ठरवलं होतं, म्हणून गाव म्हणत होतं. पाच वर्षांपूर्वी त्यानं एका जत्रेत नारळाच्या इनामाची कुस्ती मारली होती. त्यानंतर आखाड्याची माती त्याच्या अंगाला फारशी लागली नाही. जोर नाहीत, बैठका नाहीत, पण खुराक मात्र एक दिवस चुकला नाही. सकाळी चरवीभर दूध, दुपारी वाटीभर तूप, संध्याकाळी पुन्हा चरवीभर दूध आणि मधे दोन झोपा. एवढ्यावर बैलानं निदान शेत तरी नांगरलं असतं, असं त्याची बायको धनुबाई मनात म्हणायची.

ती उघड कधी बोलली नसती. पण त्या फाल्गुनात तिच्या दोन वर्षांच्या तापीला गोवर निघाला आणि पोरीची रयाच गेली. हातपाय काटक्यांसारखे झाले. वैद्यानं दूध पाजायला सांगितलं. घरात दुभती म्हैस एकच, आणि तिचं दूध पहिलवानाचं.

"चैतनी जत्रा व्हई जाऊ दे," सासरे उखाबाबा म्हणाले. "मंग पोरले दूध."

म्हणजे अजून बावीस दिवस. धनुबाईनं ते बोटांवर काढले. पोर पाण्यात कुस्करलेली भाकर चोखत राहिली आणि तिचा बाप तिच्यादेखत मिशीला लागलेली साय पुसत राहिला. त्या माणसाची तिला किळस यायला लागली.

जत्रेच्या दिवशी गल्लीतल्या घराघरानं पहिलवानाला मानाचा मांडा पाठवायचा, अशी तिथली रीत. खापरावर भाजलेला, पुरणानं भरलेला, परातीएवढा मांडा. पूर्वीचे पहिलवान त्याचा तुकडा मोडून कपाळाला लावायचे, मान राहायचा. उखाबाबांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. आपला पोरगा किती खातो हे गावानं बघावं, ही त्यांची हौस. त्यांनी भटूला सकाळीच ओट्यावर बसवला आणि आलेला प्रत्येक मांडा दुधातुपात कुस्करून त्याच्यापुढे सरकवायला लागले.

धनुबाईचा बाप शहाद्याकडचा वस्ताद. ती आखाड्याच्या अंगणातच वाढलेली. चौथ्या मांड्याला तिला राहवेना.

"मामा," ती दाराआडून सासऱ्यांना म्हणाली, "कुस्तीना दिन पोट हलकं ठेवतस. मन्हा बाप सकायना घोटभर दूधवर पहिलवानले आखाडामा उतारे. मांडा कुस्तीनंतर खावाडा."

ओट्यावरची माणसं हसली. उखाबाबांचा चेहरा लाल झाला.

"बाईमानूसले खुराकनं काय समजस? तू पुरण वाट!"

भटूही हसला, तोंडात घास असताना. मग धनुबाईनं पुरण वाटलं. घरचा मांडा तिनं सगळ्यात मोठा केला आणि त्यावर तूप असं ओतलं की उखाबाबा पहिल्यांदाच सुनेवर खूश झाले. तो चौदावा. भटूनं तोही संपवला आणि भिंतीला टेकून धापा टाकत बसला. गावानं वाहवा केली. खाण्याची वाहवा करणारं गाव, त्याला काय म्हणावं!

दुपारी धनुबाई तापीला कडेवर घेऊन घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर चढली. तिथून आखाडा स्पष्ट दिसत होता. समोरचा पहिलवान खांडबाऱ्याचा डोंगरसिंग. तो सकाळच्या गाडीनं नंदुरबारला उतरून पायी आला होता, आणि मांड्याचं ताट कुस्तीनंतरच, असं त्यानं हात जोडून सांगितलं होतं. हलगी कडाडली. दोघांनी हात मिळवले. डोंगरसिंगानं खाली घुसून पाय धरला आणि पट काढला. भटू अडवायला वाकला, पण त्याला वाकताच येईना. मधे पोट आलं. पुढच्या क्षणी तो उताणा पडला होता, आणि सगळ्या जत्रेसमोर गल्लीचा मान आल्या वाटेनं, तोंडातून, बाहेर पडत होता.

धनुबाईला वाईट वाटलं नाही. आपल्याला वाईट वाटत नाही याचंही नाही. जत्रा झाली, आता दूध पोरीचं, एवढंच तिला कळलं. तिनं म्हैस पिळली आणि चरवी घेऊन घरात आली.

भटू खाटेवर कण्हत होता. उखाबाबा त्याचे पाय चेपत होते.

"खुराक कमी पडी गया," ते म्हणाले. "चैतनंतर आखाजीना सणनी कुस्ती शे. तवलगून सगळं दूध भटूलेच. दे ती चरवी इकडे."

"तुम्ही शबद दिन्हा व्हता, मामा."

"घरनी इज्जत गयी, अन् तुले पोरनं पडेल शे?"

धनुबाई खाली बसली. तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि चरवी तिच्या तोंडाला लावली. तापी दोन्ही हातांनी भांडं धरून, श्वास विसरून प्यायली. उखाबाबा ओरडत उठले, पण पोरीच्या तोंडचं भांडं ओढून घ्यायला त्यांचा हात धजेना.

"थोडं ठेव," भटू खाटेवरून म्हणाला.

पोर तृप्त होऊन बाजूला झाली. चरवीत अजून निम्मं दूध होतं. चार वर्षं ती म्हैस धनुबाईनंच पिळली होती आणि त्या दुधाची चव तिला माहीत नव्हती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, सासऱ्याकडे बघितलं आणि उरलेलं सगळं त्यांच्यादेखत पिऊन टाकलं.