ग्यारंटीचं गाऱ्हाणं

"ग्यारंटी म्हणजे देवाचो कौल," परशुराम गावकर आपल्या हॉटेलातल्या बाकावर उभा राहून सांगत होता. "वर्सभरात ह्या पेटयेचो आवाज बंद पडलो, तर कंपनी मुंबयसून धावत येतली."

मग त्याने खुंटी पिरगळली. रेडिओ गोव्याच्या स्टेशनावरचे दोन पोर्तुगीज शब्द बोलला, खाकरला आणि गप्प झाला.

जमलेली वाडी कंपनीची वाट बघत थोडा वेळ बसली. मग उठून समोर गंगारामाच्या हॉटेलात चहाला गेली. गंगारामाकडे दूध होतं. असणारच, कारण रेडिओ घेण्यासाठी परशुरामाने आपली दुभती म्हैस त्यालाच विकली होती. गाणी ऐकायला गिऱ्हाईक येईल आणि काळा चहासुद्धा आवडीने पिईल, असा त्याचा हिशेब होता. आता त्याच्याकडे उरला काळा चहा आणि मुकी पेटी. पेटी बोलली नाही, तर हॉटेलाला कुलूप लावण्यावाचून इलाज नव्हता.

"म्हशीक ग्यारंटी नाय होती, तरी सकाळ-सांज दूध देय," बायको, शेवंती, म्हणाली. "आता बसा, ग्यारंटीची धार काढा."

परशुराम पेटी डोक्यावर घेऊन मालवणच्या बाजारात भाई शिरोडकराच्या दुकानात गेला. भाईने त्याला बसवलं, सरबत पाजलं आणि सांगितलं की ग्यारंटी कंपनीची, आपण फक्त विकणार. परशुरामाने कंपनीला कळवलं. कंपनीने उलट कळवलं की पेटी दुकानदाराने विकली, आपण फक्त बनवणार. परशुराम पुन्हा भाईकडे गेला. पुन्हा सरबत मिळालं.

शेवटी त्याने ग्यारंटीचं इंग्रजी कार्ड शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. व्हॉल्व्ह, बॅटरी, भोंगा आणि तारा सोडून बाकी सगळ्याची वर्षभर हमी होती.

"मगे उरला काय?" परशुरामाने विचारलं.

मास्तरांनी पेटीवर टिचकी मारली. "लाकूड."

परशुरामाने घरी येऊन लाकूड चारी बाजूंनी तपासलं. दुर्दैवाने ते उत्तम होतं.

तेव्हा तो नाबर वकिलांकडे गेला. वकील म्हणाले, कार्ड गेलं चुलीत. भाईने वाजणारा रेडिओ म्हणून विकला ना? मग तो वाजलाच पाहिजे, असा मालविक्रीचा कायदाच आहे. आधी नोटीस द्यायची, ऐकलं नाही तर दुकानदार आणि कंपनी दोघांवर दावा. नोटीस गेली की रेडिओ बोलायला लागतो, अशी परशुरामाची समजूत झाली आणि रोज दिवेलागणीला तो खुंटी पिरगळून बघू लागला. रेडिओ बोलला नाही. कंपनी बोलली: भांडायचं तर मुंबईच्या कोर्टात या. वकील म्हणाले, घेतला मालवणात, गप्प झाला मालवणात, तेव्हा भांडणही मालवणात. परशुरामाला वाटलं, बरं झालं पेटी मुंबईत गप्प झाली नाही ते.

दावा लागला. तारखेच्या दिवशी परशुराम कोर्टाच्या पायरीवरच बसला, उठेना. वकिलांनी पाठीवर हात ठेवला. "घाबरतस कित्याक? जज्जसाहेब विचारतले, तेव्हा तुझा गाऱ्हाना घाल, बस."

परशुराम ताडकन उठला. देशावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. इथे गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर हात जोडून एकाने घालायचं आणि जमलेल्यांनी ओळीओळीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आणि गावच्या देवळात ते घालायचा मान परशुरामाच्याच घरात होता.

जज्जसाहेब सोलापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी विचारलं, "बोला, काय गाऱ्हाणं आहे तुमचं?"

परशुरामाने चपला काढल्या, डोळे मिटले, हात जोडले.

"बा देवा जज्जसायबा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मागच्या बाकांवरची सगळी वाडी म्हणाली. साहेबांची लेखणी जागीच थांबली.

"आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या शिरोडकरान वाजता म्हणान सांगून मुकी पेटी लेकराच्या गळ्यात घातली आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला सगळ्यात मोठा आवाज भाई शिरोडकराचा होता. त्याचा काही इलाज नव्हता. लहानपणापासूनची सवय.

"तर जो कोण आडवो येयत त्याका उभो कर, आणि जो उभो आसा त्याका आडवो कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कंपनीचे रत्नागिरीचे वकील उभेच होते. ते पटकन खाली बसले.

"आणि लेकराच्या हातून काय चूक-भूल झाली आसात, तर ती पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कंपनीचे वकील पुन्हा उठले. वादीने भर कोर्टात चूक कबूल केली आहे, ती लिहून घ्यावी. साहेबांनी परशुरामाला विचारलं, कोणती चूक?

"ती माका खंय म्हायत?" परशुराम गोंधळला. "आसलीच तर घेवा पदरात."

साहेबांनी आपल्याला पदर कुठला ते विचारलं नाही. त्यांनी डोकं धरलं, पाणी मागवलं, ते प्याले आणि बराच वेळ लिहीत बसले. मग म्हणाले की वादीच्या कबुलीत 'आसात तर' आहे. म्हणजे चूक झाली असली तर. दुकानदाराच्या कबुलीत मात्र 'तर' कुठेच नाही. तो नुसताच व्हय म्हणाला आहे.

भाईने कपाळावर हात मारला. कंपनीच्या वकिलांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा सवयीने "व्हय म्हाराजा" पुटपुटला. त्यानंतर तडजोडीला वेळ लागला नाही. कंपनीने पेटी मुंबईला नेऊन आपल्या खर्चाने दुरुस्त करून आगबोटीने परत पाठवायची, असं ठरलं. परशुरामाला हे काही धड कळलं नाही. दावा आपण जिंकला की देव पावला, हे त्याने वकिलांना दोनदा विचारलं. वकिलांनी दोन्ही वेळा फी मागितली.

महिन्याभराने पेटी आगबोटीवर चढल्याची तार आली. आगबोट मालवणच्या धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही, आणि माणसं नि सामान पडावाच्या होडीतून किनाऱ्याला येई. बोट दिसल्याचं ऐकून गंगारामाच्या हॉटेलातलं सगळं गिऱ्हाईक कप अर्धे टाकून उठलं आणि परशुरामाने ठरवलेल्या पडावात चढलं. परशुरामाचा ऊर भरून आला.

बोटीवरच्या खलाशाने दोराने पेटी खाली सोडली. ती आधी आपण धरावी म्हणून सगळे जण पडावाच्या एकाच बाजूला गेले. पडाव कलंडला. माणसं पोहून धक्क्याला लागली. पेटी आत पाणी शिरेपर्यंत लाकडाच्या ग्यारंटीवर तरंगत होती. मग ती बुडाली, आणि तिच्याबरोबर परशुरामाचं हॉटेलही.