प्रेरणेचं अर्धं पान

कलादालनवाल्या बाईंचा तिसरा फोन आला तेव्हा तिने काढलेला पाचवा समुद्र वाळत पडला होता. आधीच्या चारांसारखाच तोही बिघडला होता.

"झालं का हो अर्धं पान?" बाईंनी विचारलं.

"नाही अजून."

"अहो, त्यात अवघड काय आहे? प्रेरणा कुठून मिळाली, एवढंच लिहायचंय. समुद्राची ओढ तुम्हाला लहानपणापासून असेलच ना?"

"समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते."

मग बाई म्हणाल्या, "ते नका लिहू."

तिने फोन ठेवला आणि टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. तेवीस चित्रं तयार होती. शंख, शिंपले, कवड्या, बियांची बोंडं, एक पीस, उभा कापलेला अर्धा कोबी. छप्पन्नाव्या वर्षी तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरत होतं, आणि दालनाच्या समोरच्या भिंतीसाठी बाईंना चोविसावं चित्र समुद्राचं हवं होतं. "शिंपले आहेत म्हटल्यावर समुद्र नको का?" हा त्यांचा सवाल. तिने इमानेइतबारे पाच वेळा प्रयत्न केला. कालच येऊन गेलेल्या वहिनीने चौथा समुद्र पाहून विचारलं होतं, "ही ओली चादर कशाला काढलीत?" वहिनीचं काही चुकलं नव्हतं. चादरच दिसत होती ती.

शिंपल्याच्या काठावरची केसाएवढी रेघ जिला डोळे मिटून काढता यावी, तिला एक लाट काढता येईना. आणि लिहायचं म्हटलं की हात त्याहून जड. 'निसर्गाच्या रूपांनी मला नेहमीच' एवढं लिहून तिने तीन कागद फाडले होते. नेहमीच काय? नेहमीच वैताग आणला, हे खरं उत्तर होतं.

कारण ते शिंपले तिच्या घरात आले ते पिशवीतून, आणि तेही औषधासारखे.

ती पस्तिशीची असताना आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हा ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि सुट्टीत माणसं काढायची. बाजारातली, बसथांब्यावरची, भांडणारी, जांभया देणारी. एका नव्या इस्पितळाच्या दर्शनी भिंतीवर दोन मैत्रिणींबरोबर मोठं चित्र काढायचं ठरलं होतं, शंभरेक माणसांचं. मैत्रिणींनी ते काढलं. ती घरी राहिली. दादा तेव्हा दुसऱ्या शहरात, त्याची नोकरी, मुलांच्या शाळा. "छोटी, तू आहेस म्हणून मला घोर नाही," असं तो दर फोनवर म्हणायचा आणि मग आईला कुठल्या कुशीवर झोपवावं ते सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला कधी थकवा आला नाही.

आईला व्यायाम द्यायला एक बाई यायच्या. दुबळ्या हाताच्या बोटांत जोर यावा म्हणून त्यांनी एक पिशवी आणून दिली, लहानमोठ्या शिंपल्यांची आणि शंखांची. आईने एकेक उचलायचा आणि डब्यात टाकायचा. आई उचलायची, पण डब्यात टाकायची नाही, जमिनीवर टाकायची. कधी बोटांतून निसटायचे, कधी मुद्दाम. मुद्दाम टाकला की ती लेकीकडे बघायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा वाकायचं, पलंगाखाली हात घालायचा, शिंपला काढून परत तिच्या तळहातावर ठेवायचा. लेकीची पाठ धरायची. मनात येऊ नये ते मनात यायचं.

एक दिवस एक शंख लादीवर पडून उभा फुटला. ती खाली बसली ती उठलीच नाही. आत एक दांडा होता, पीळ दिलेला, आणि त्याच्याभोवती जिना चढत गेला होता. पायरी नाही, सांधा नाही. बाहेरून खडबडीत, मळकट वस्तू आणि आत कुणी पाहणारं नसताना एवढं नीट काम. तिला कौतुक वगैरे वाटलं नाही. राग आला. इतकी वर्षं आपण वाकून वाकून उचलतोय ते हे असं आहे, आणि आपल्याला पत्ता नाही. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर तिने तो काढला. चुकला. पुन्हा काढला, पुन्हा चुकला. चौदा चिठ्ठ्या झाल्यावर पीळ बरोबर बसला.

मग घराबाहेर पडता येत नव्हतं म्हणून घरात येईल ते काढायचं ठरलं. खिडकीतून आलेलं पीस. दिव्याखाली मेलेला चतुर. चिरायला घेतलेला कोबी. या वस्तू त्या मेलेल्या चतुरासारख्याच जागच्या हलत नसत, आणि पलंगावरून आईचा हुंकार आला की ती ब्रश टाकून उठायची. माणसं अशी थांबत नाहीत. अकरा वर्षांनी आई गेली तेव्हा माणसं काढायचा हात तिच्याकडे उरला नव्हता. समुद्र नंतर एकदा जाऊन पाहिला. मोठा होता, आवाज फार होता, आणि बसायला जागा नव्हती.

हे सगळं अर्ध्या पानात कसं बसवायचं? आणि बसवलं तर वाचणार कोण? मुदतीचा गुरुवार आला आणि गेला, पान कोरंच राहिलं आणि समुद्रही झाला नाही. नवल म्हणजे बाईंचा चौथा फोन आला नाही. तिला वाटलं, सुटले.

शनिवारी चित्रं टांगायची होती. ती साडेअकराला दालनात पोचली. शिडीवरचा माणूस दोऱ्याने ओळंबा बघत होता, चित्रं बऱ्यापैकी सरळ लागली होती. समोरच्या भिंतीवर, जिथे समुद्र येणार होता तिथे, मोठ्या निळ्या अक्षरांचा फलक लागला होता.

'बालपणी वडिलांचं बोट धरून ओल्या वाळूवर अनवाणी चालताना तिने पहिला शिंपला उचलला, आणि तो आजतागायत खाली ठेवलेला नाही.'

तिने दोनदा वाचलं. वाक्य चांगलं होतं. त्यानेच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कुणी लिहिलं?"

"तुमच्या बंधूंनी," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून येईना, म्हणून मी त्यांना फोन केला. किती सुंदर लिहितात हो. तुम्हाला बोलले नाहीत?"

ती फोन घेऊन जिन्यात गेली. दादाने पहिल्याच घंटेला उचलला.

"वाचलंस? अगं, तुझं ओझं हलकं केलं. तुला लिहायचा कंटाळा, मला माहीत आहे."

"दादा, मी नव्हते तिथे."

"कुठे?"

"वाळूवर. बाबांची बदली बंदरावर झाली तेव्हा ते तुला घेऊन गेले. तिथली शाळा चांगली होती म्हणून. मी चार वर्षांची होते. मी आईजवळ होते, वर्षभर."

"काहीतरीच. पिवळा फ्रॉक होता तुझा. बाबांच्या त्या हाताला तू, या हाताला मी."

"ती मावशीची मुलगी. सुट्टीत आली होती तुमच्याकडे."

खोटं बोलत नव्हता दादा. इतकी वर्षं त्याने तिला तिथे चालवलं होतं, आणि आता ती तिथून उठून निघाली होती.

"मला तर तूच आठवतेस," तो हळू म्हणाला.

"ती तुझी आठवण आहे. छान आहे. पण माझ्या भिंतीवर ती नको."

"मग काय लिहिणार? आईचं दुखणं? लोक चार घटका चित्रं बघायला येतात, त्यांना इस्पितळ कशाला दाखवायचं?"

"चित्रं तिथूनच आलीत."

"आणि लोक विचारतील, मुलगा कुठे होता."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तो खोकला. तिला वाटलं होतं, असं काही तो कधी बोलला तर आपण अकरा वर्षांचं सगळं ऐकवू. शब्द पाठ होते. पण जिन्यात उभं राहून त्यातला एकही आठवला नाही.

"मी फलक काढायला सांगतेय," एवढंच ती म्हणाली.

बाईंनी कपाळाला हात लावला. पाचला उद्घाटन, आणि अक्षरं लावणारा माणूस दोनला जाणार. "दोनच्या आत द्या काय ते. नाहीतर हेच राहील."

मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांमध्ये तिला एक टेबल मिळालं. एक वाजेपर्यंत तिने सहा सुरुवाती केल्या. 'वेदना' लिहिलं, खोडलं. 'सौंदर्य' लिहिलं, खोडलं. 'आईच्या स्मृतीस' लिहिलं आणि ते तर इतकं गुळमुळीत वाटलं की कागदच चुरगळला. दादा म्हणतो ते खरंच असेल, हा विचारही येऊन गेला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यालाच शेवटी रेघोट्या जमतात.

दीडला तिने ठरवलं की आता काही सुचायची वाट पाहायची नाही. समोर वस्तू असल्यासारखं, जेवढं होतं तेवढं ओळीने उतरवायचं.

'माझी आई अकरा वर्षं अंथरुणात होती. बोटांच्या व्यायामासाठी तिला पिशवीभर शिंपले दिले होते. ती ते खाली टाकायची, मी उचलायचे. एक फुटला, तेव्हा आतून तो कसा असतो ते मला दिसलं. बाहेर जाता येत नव्हतं म्हणून ते काढत बसले. मला खरं तर माणसं काढायची होती.'

बाईंनी वाचलं. चष्मा काढला, परत लावला. "शेवटचं वाक्य गाळू या का?"

"नको."

"लोकांना वाटेल, चित्रं नाइलाजाने काढलीत."

"नाइलाजानेच काढलीत."

बाईंनी आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, घड्याळ पाहिलं आणि कागद अक्षरवाल्याकडे दिला.

पाचला लोक आले. काहींनी फलक वाचून काढता पाय घेतला. एक म्हातारे गृहस्थ फुटक्या शंखापुढे बराच वेळ उभे राहिले. दादा वहिनीबरोबर आला. त्याने फलक वाचला, मग जवळ जाऊन पुन्हा वाचला. चित्रं न बघता तो बाहेर गेला. वहिनी थोडी मागे रेंगाळली. "बरं केलंत की वाईट, मला कळत नाही," ती म्हणाली, आणि तिचा हात दाबून निघाली.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात प्रदर्शनाची बातमी होती. मथळा होता 'वडिलांचं बोट धरून'. दादाचा मजकूर बाईंनी शुक्रवारीच सगळीकडे पाठवला होता. शेजारीण कात्रण घेऊन आली. "तुमचे वडील किती प्रेमळ होते हो." तिने कात्रण घेतलं, आभार मानले आणि दार लावून घेतलं. आता भिंतीवर काहीही लिहा, छापील अक्षराला कोण पुसणार? प्रदर्शन चालू होतं तेवढे दिवस माणसं तिला समुद्राबद्दलच विचारत राहिली.

आठव्या दिवशी, चित्रं घरी परत आल्यावर, दादाचा फोन आला. तब्येतीची चौकशी झाली. मग त्याने विचारलं.

"अकरा वर्षं होती?"

"हो."

"मी सहा-सात धरून चाललो होतो. मी किती वेळा आलो असेन गं?"

तिला आकडा माहीत होता. "मोजलं नाही," ती म्हणाली. का म्हणाली ते तिला कळलं नाही, आणि म्हटल्यावर स्वतःचाच रागही आला.

"गुरुवारी घरी येऊ का? चित्रं नीट पाहिली नाहीत त्या दिवशी."

"ये. दोननंतर ये पण. सकाळी उजेड असतो, मी कामात असते."

फोन ठेवून ती टेबलाकडे वळली. प्रदर्शन उघडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने माणूस काढायला घेतला होता. शेजारणीला खिडकीजवळ बसवून पाऊण तास हलायचं नाही असं बजावलं होतं. शेजारीण तरीही हलली, बोलली, हसली, आणि चेहरा रोज चुकत राहिला. नाक कुणाचं, डोळे कुणाचे, हनुवटी तर कुणाचीच नव्हे. कान तेवढा झकास जमला होता, एकेक वळण जागच्या जागी, आत उतरत गेलेलं.

तिने कान ठेवला. बाकीचा चेहरा पुसून टाकला आणि परत कपाळापासून काढायला घेतला.