मागची खोली

खिडकीच्या गजांतून पुंजारामनं घरपट्टीचं बिल आत सरकवलं आणि ते लगेच परत बाहेर येऊ नये म्हणून त्यावर तळहात दाबून धरला. मागच्या दोन खेपांना तसंच झालं होतं.

"साहेब, चूक झाली हे," तो म्हणाला. "माझ्या घरात भाडेकरू न्हाई अन् बिलात भाडेकरू धरून पट्टी लावली."

तातेराव कारकुनानं चष्मा कपाळावरून खाली ओढला. पालिकेत घरपट्टीच्या टेबलावर त्याची उमर गेली होती, आणि बिल बरोबर आहे म्हणणारा माणूस त्यानं अजून पाहिला नव्हता.

"घर कधी घेतलं?"

"औंदा. फकरोद्दीन मिस्त्रीकडून."

हे सांगताना पुंजारामचा आवाज जरा चढला. चढणारच. बियाण्याच्या कंपनीत गोदामावर पोती लावून त्यानं अकरा वर्षं पैसा साठवला होता आणि त्याच्या सात पिढ्यांत खरेदीखतावर नाव लागलेला तो पहिलाच. स्टेशनाच्या अंगाला पुढं दोन खोल्या, मध्ये अंगण, मागं एक खोली. घरभरणीला भन्तेंनी त्रिशरण म्हणवून घेतलं, तेव्हा मेणबत्त्या त्याच्या धाकट्या बहिणीनं, बेबीनंदानं लावल्या होत्या. तिला घनसावंगीला दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला नेसत्या लुगड्यानिशी एसटीत बसवून दिलं. आता हेच तुझं माहेर, असं म्हणून पुंजारामनं तिला मागची खोली दिली. त्या दिवशी त्याला स्वतःचाच मोठा अभिमान वाटला होता.

तातेरावनं तपासणीचं रजिस्टर उघडलं.

"घरात चुली दोन. दोन चुली म्हणजे दोन बिऱ्हाडं."

पुंजारामला हसू आलं. "ती माझी बहीण हे, साहेब. कापसाच्या जिनिंगला कामाला जाती. पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. तिच्या टायमानं भाकरी टाकती, म्हणून चूल येगळी."

"नुसती चूल बघून नाही लिहिलं. विचारून लिहिलंय." तातेरावनं रजिस्टर त्याच्याकडं फिरवलं. मागची खोली, भाडेकरू बेबीनंदा, भाडं दरमहा आठ रुपये. खाली तिची सही होती.

पुंजारामनं सही नीट पाहिली, तिचीच होती. मग त्यानं तिथंच अर्ज लिहिला. सदर बाई माझी सख्खी बहीण असून भाडं देत नाही. तातेरावनं शुक्रवारची सुनावणी दिली.

घरी कौसल्या ज्वारी पाखडत होती.

"बेबी तुला पैसे देती?" त्यानं बायकोला विचारलं.

सूप थांबलं. "म्या मागितले न्हाईत. पहिल्या महिन्यात परत केल्ते. मंग रोजच्या खर्चात जाऊ लागले. तुम्हाला सांगू नका म्हन्ली ती."

राग तर आला, पण काढायचा कुणावर? त्या आठ रुपयांतल्या साखरेचा चहा तोही रोज पीत होता. तो अंगण ओलांडून मागं गेला. बेबीनंदा नुकतीच कामावरून आली होती. केसांत कापसाचे तंतू तसेच होते आणि ती चूल पेटवत होती.

"मी कुठं कमी पडलो का, बेबे?"

"न्हाई, दादा."

"मंग भाडेकरू कशाला सांगितलंस? शुक्रवारी चल. भाऊ हे म्हन, भाडं देत न्हाई म्हन. बिल निम्म्यावर येतंय."

ती फुंकणी बाजूला ठेवून बसली. "चौदा वर्षं ऱ्हायले तिकडं. सासूचं हागणं-मुतणं काढलं. एक दिवस ऊठ म्हन्ले, उठले. कुठंच नाव नव्हतं माझं."

"हितं कोण ऊठ म्हणून राह्यलंय तुला?"

"तू न्हाई. वहिनी बी न्हाई. पन उद्या सुना येतील." तिनं चुलीत काटकी सारली. "आमच्या जिनिंगातल्या रहिमुन्निसाच्या घरमालकानं तिला खोलीतून दोनदा काढायला पाह्यलं. कोर्टानं काढू दिलं न्हाई. भाडेकरू म्हणून पालिकेच्या वहीत नाव हे तिचं. बहिणीला कुणी बी ऊठ म्हणू शकतं, दादा. भाडेकरूला न्हाई."

भावाच्या घरात असं कधी होणार नाही, हे पुंजारामच्या ओठांवर आलं होतं. पण याच तोंडानं त्यानं तिला नांदायला जा म्हटलं होतं, एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही वेळा तोच तिला घनसावंगीला पोचवून आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. तो तसाच अंगण ओलांडून पुढं आला.

शुक्रवारी सुनावणीला तो पालिकेच्या मोठ्या साहेबांपुढं उभा राहिला. बेबीनंदा आली होती, दाराबाहेरच्या बाकावर बसून होती.

"माझी तक्रार न्हाई, साहेब. नोंद बराबर हे. अर्ज मागं घेतो."

साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. पट्टी जास्तच राहू द्या म्हणणाऱ्याचा त्यांना संशय आला असावा.

"यात सख्खी बहीण लिहिलंय. बहीण असेल तर ती कुटुंबातली. भाडेकरू धरता येत नाही, मला नाव काढावं लागेल. सरळ सांगा, ही बाई तुमची कोण?"

दार उघडंच होतं. बेबीनंदा मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"कोण न्हाई, साहेब," पुंजाराम म्हणाला.

"मग बहीण का लिहिलं?"

"आपलं म्हणायचं म्हणून."

"तसं लिहून द्या. बाईंचीही सही घ्या खाली."

पुंजारामनं लिहिलं. सदर बाई माझी कोणीही लागत नाही. एवढं एक वाक्य लिहायला त्याला फार वेळ लागला. तातेरावनं बेबीनंदाला आत बोलावलं आणि सहीची जागा दाखवली.

तिनं मात्र लगेच सही केली नाही. रात्रीच्या वर्गाला जाऊन ती नुकती वाचायला शिकली होती. कागदावर बोट ठेवून ती एकेक अक्षर लावू लागली. हिनं वाचू नये, नुसती सही करून मोकळं व्हावं, असं पुंजारामला फार वाटलं. त्यानं खिडकीबाहेर बघितलं.

बोट ओळीच्या शेवटाला जाऊन थांबलं. तिनं ओळ पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचली. मग पदरानं डोळे पुसले आणि सही केली.