दारांच्या पोटातले आयुष्य

मित्रांनो, मी एक जुना पोलादी रॉड आहे. टोक वाकडे, मूठ रबराची आणि तीही फाटलेली. मोटारीच्या पत्र्याला पोचा पडला की आतून ढकलून तो काढायचा आणि वरच्या रंगाला धक्का लागू द्यायचा नाही, हे माझे काम. ऐकायला सोपे वाटते. करून बघा म्हणजे कळेल.

शिरोलीच्या एका कारखान्यात मला तापवून वाकवले आणि शाहूपुरीत शशिधर मिस्त्रींच्या गॅरेजात आणून टांगले. तेव्हापासून मी दारांच्या पोटात शिरतो आहे. आत अंधार, धूळ आणि कुजलेली पाने. बाहेर मिस्त्री पत्र्यावर पडलेले ट्यूबलाइटचे प्रतिबिंब सरळ होते का ते बघत मला हळूहळू दाबतात. जोर जरा जास्त झाला की रंग तडकतो आणि सगळे मुसळ केरात. पूर्वी लोक "जादूच हाय की!" म्हणायचे, तेव्हा मी फुगून जायचो. आता कौतुकाचाही कंटाळा आला आहे.

गेल्या उन्हाळ्यात कागलच्या चंदनावैनी आल्या. पन्नाशीत गाडी शिकलेल्या. पहिल्यांदाच एकट्या बाहुबलीला दर्शनासाठी जाऊन आल्या होत्या. तिथे गाडी वळवताना रसवंतीच्या गाड्याच्या टायरला दार टेकले होते.

"दादा, संध्याकाळच्या आत काढा. ह्यांनी बघितलं तर किल्ली जाईल माझी."

मी दाराच्या पोटात शिरलो आणि दुपारभर राबलो. पोचा गेला, पण पत्र्याच्या घडीवर केसाएवढी रेघ राहिली.

"वैनी, हितनं पुढं रंग तडकंल. थांबतो," मिस्त्री म्हणाले. वैनी तशीच गाडी घेऊन गेल्या. मला मनापासून वाईट वाटले.

दिवाळीनंतर तीच गाडी परत आली. आणणारे त्यांचे यजमान, वर्धमान पाटील. त्याच दारावर परातीएवढा खड्डा पडला होता. ट्रॅक्टरशेजारून गाडी काढताना त्यांनी दार त्याच्या चाकावर दाबले होते.

"मिस्त्री, गुपचूप काढा. घरात कळायला नको."

"वैनीबी हेच म्हणाल्या हुत्या," मिस्त्री बोलून गेले.

पाटलांनी त्या रेघेवर बोट फिरवले. "हीच बघून किल्ली काढून घेतली मी. तवापास्नं गाडीत मागंच बसती. बोलत न्हाय."

मिस्त्रींनी मला दारात सारले. मी आत घाम गाळत होतो. अंधार पडेपर्यंत खड्डा भरून आला, पण त्याच्याही कडेला एक रेघ उरली, वैनींच्या रेघेपेक्षा चांगली लांब. पाटील दोन्ही रेघा बघत राहिले. मग त्यांनी फोन लावला.

"चंदना, बस धरून शाहूपुरीत ये. गाडी घरी न्यायची हाय... न्हाय, मी न्हाय. तू."

मित्रांनो, काम झाल्यावर माझ्यासारख्यांना पुसून तेलाचा एक हात फिरवत जा, गंज फार लवकर चढतो. आणि दाराला पोचा पडला, तर दारच दुरुस्त करा. चालवणाऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवू नका.

त्या दिवशी मी खिळ्यावरून बघितले. वैनी आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. पाटलांनी किल्ली दिली आणि स्वतः मागचे दार उघडून आत बसले.